लहान इंजिनांची पेट्रोलनळी : निगा आणि बदल



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलले जाते, इतिहासावर बोलले जाते, देशाच्या अर्थकारणावर तर दरवर्षी बोलले जाते. त्या पंक्तीत एका बोटभर जाडीच्याही नसलेल्या पेट्रोलच्या नळीला पान मांडून बसविणे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या वस्तूंवर आपला रोजचा व्यवहार चालतो त्यांची माहिती करून घेणे हाही नागरिकाच्या शिक्षणाचा एक भाग आहे. आणि ही नळी तर अशी वस्तू आहे की, ती शाबूत असेपर्यंत तिचे नाव कोणी घेत नाही, आणि ती फाटली म्हणजे यंत्र, पीक आणि प्रसंगी माणूसही संकटात सापडतो.

लहान इंजिने आज सर्वत्र झाली आहेत. आंबा-काजूच्या बागेत पावसाळ्यानंतर गवत कापणारे यंत्र, ज्याला आपण ग्रास कटर किंवा ब्रश कटर म्हणतो, ते अशा इंजिनावर चालते. द्राक्षबागेतील पाठीवरचा फवारणी पंप, झाडाच्या फांद्या तोडणारी साखळी करवत, कोळपणीचा पॉवर वीडर, वीज गेली की दुकानाबाहेर धडधडू लागणारा जनरेटर, डासांसाठी गल्लीत धूर सोडणारे यंत्र, ही सारी त्याच कुळातील मंडळी. शहरातील माणसाचा यांच्याशी संबंध नाही असे म्हणता येत नाही. सोसायटीच्या अंगणातले गवत याच यंत्राने कापले जाते, आणि गावाकडच्या वडिलोपार्जित बागेसाठी अशी यंत्रे विकत घेणारे बहुधा शहरात नोकरी करणारेच असतात.

टाकीपासून इंजिनापर्यंत

या इंजिनांत पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरपर्यंत नेण्याच्या दोन रीती आहेत. त्या नीट समजल्या म्हणजे पुढचे सर्व आपोआप उलगडते.

पहिली रीत साधी आहे. जनरेटर, पॉवर वीडर अशा जमिनीवर उभ्या राहणाऱ्या यंत्रांत टाकी वर असते आणि कार्बोरेटर खाली. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. मध्ये एक कॉक असतो आणि एक गाळणी. येथे नळी फुटली तर पेट्रोल बाहेर ठिबकते. गळती डोळ्यांना दिसते, नाकाला कळते, आणि जवळच तापलेला सायलेन्सर असतो एवढे ध्यानात ठेवले की तिचे गांभीर्यही कळते.

दुसरी रीत ग्रास कटर, साखळी करवत यांसारख्या हातात धरावयाच्या यंत्रांची. ही यंत्रे काम करताना आडवी, तिरपी, कधी उलटीही होतात. म्हणून वजनाने पेट्रोल उतरण्यावर भिस्त ठेवून भागत नाही. येथे पेट्रोल ओढून घ्यावे लागते. इंजिनाच्या पोटात पिस्टन वर-खाली होताना तेथील हवेचा दाब सारखा कमीजास्त होतो. त्या धक्क्यांनी कार्बोरेटरमधील एक पातळ पडदा हालतो आणि तो पडदाच पंपाचे काम करतो. तो नळीवाटे टाकीतले पेट्रोल शोषून घेतो. टाकीत नळीच्या टोकाला एक लहानशी वजनदार गाळणी अडकविलेली असते. यंत्र ज्या बाजूला कलते त्या बाजूला ही गाळणी घरंगळत जाते आणि नेहमी पेट्रोलात बुडून राहते. यावरून या नळीला लवचिकपणाची किती गरज आहे हे लक्षात येईल. ती ताठ झाली की गाळणी एका जागी अडकते, आणि टाकी निम्मी भरलेली असतानाही इंजिन उपाशी मरते.

बहुतेक अशा यंत्रांना एक पारदर्शक रबरी फुगाही असतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी तो पाच-सात वेळा दाबावयाचा असतो. तो दाबल्याने नळीतील व कार्बोरेटरमधील हवा निघून जाऊन तेथे पेट्रोल भरते, आणि जास्तीचे पेट्रोल दुसऱ्या एका नळीने टाकीत परत जाते. म्हणजे टाकीतून निघणाऱ्या नळ्या दोन झाल्या : एक शोषणाची आणि एक परतीची. काही यंत्रांत टाकीत हवा यावी म्हणून तिसरी एक बारीक नळी किंवा झडप असते. या तिघींची कामे वेगवेगळी आहेत, आणि एकीची जागा दुसरीला दिली तर यंत्र चालत नाही.

आता शहाळ्यातील पाणी नळीने पिण्याची गोष्ट आठवा. नळीला मध्येच बारीक भोक असेल तर आपण कितीही ओढले तरी तोंडात पाण्याऐवजी हवाच अधिक येते. पण त्या भोकातून पाण्याचा एक थेंबही बाहेर पडत नाही. शोषणाच्या नळीचे नेमके असेच असते. तिला भेग पडली तरी बाहेर गळती दिसेलच असे नाही, मात्र आत हवा शिरत राहते. म्हणून गळत नाही म्हणजे नळी चांगली आहे, हा निष्कर्ष या यंत्रांच्या बाबतीत फसवा आहे.

नळी का निकामी होते

रबर आणि पेट्रोल यांचे वैर जुने आहे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली आणि १८४४ मध्ये तिचे अमेरिकेतील पेटंट घेतले. परंतु झाडाच्या चिकापासून केलेले हे नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगते आणि मऊ पडते. याचे कारण दोघांची जात एकच आहे. दोन्ही हायड्रोकार्बन वर्गातील. आणि सजातीय पदार्थ एकमेकांत सहज मिसळतात, हा रसायनशास्त्रातील सामान्य नियम आहे. पुढे १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झाले. त्याच्या रेणूत नायट्रोजनयुक्त गट असल्यामुळे त्याची प्रकृती पेट्रोलहून भिन्न असते आणि पेट्रोल त्याच्यात सहज शिरकाव करू शकत नाही. मोटारींच्या व इंजिनांच्या नळ्या तेव्हापासून प्रामुख्याने याच रबराच्या होऊ लागल्या. १९५७ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने फ्लोरिनयुक्त रबर बाजारात आणले. ते अधिक महाग, पण पेट्रोल, उष्णता आणि मद्यार्क या तिघांनाही चांगले दाद न देणारे आहे.

मद्यार्काचा उल्लेख येथे हेतुपूर्वक केला. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशभरातील मिश्रणाचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविक्रीचा प्रारंभ झाला, आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर पसरले. या इथेनॉलचा काही भाग उसापासून येतो, त्यामुळे महाराष्ट्रातील साखर कारखाने आणि ऊस-उत्पादक यांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. ते धोरण बरे की वाईट हा आजचा विषय नव्हे. पण ज्या शेतकऱ्याच्या उसापासून इथेनॉल झाले, त्याच्याच बांधावरच्या यंत्रात ते परत येते. तेव्हा त्याचे गुणधर्म त्याला ठाऊक असलेले बरे.

इथेनॉलची प्रकृती पेट्रोल आणि पाणी यांच्या मधली आहे. म्हणून पेट्रोलला दाद न देणारे साधे नायट्राइल रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पूर्वीपेक्षा जास्त फुगते. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळ्यांचे वेगळेच होते. त्या लवचिक राहाव्यात म्हणून त्यांत एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. इंधन ते द्रव्य हळूहळू धुऊन नेते, आणि नळी आक्रसून काचेसारखी कडक व ठिसूळ होते. इथेनॉलचा तिसरा गुण असा की ते हवेतील ओलावा शोषून घेते. दमट हवेत टाकी अर्धवट भरून महिनोन्महिने ठेवली, तर पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे जाते. मग इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. आणि आपली वजनदार गाळणी तर तळाशीच असते. ती हाच थर प्रथम शोषते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. शंभर मिलीलिटरच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत उघड्यावर, विस्तवापासून दूर, ९० मिलीलिटर पेट्रोल आणि १० मिलीलिटर पाणी घालावे, हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, आणि तळचा थर १० वरून वाढून २५ च्या पुढे गेलेला दिसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल नसेल तर तळचा थर १० वरच राहतो. एवढ्या प्रयोगाने पाण्याची आणि इथेनॉलची सोयरीक डोळ्यांना दिसते.

इथेनॉलखेरीज नळीचे आणखी शत्रू आहेत. ऊन आणि सायलेन्सरची धग यांनी रबर वाळते. टाकीच्या भोकातून नळी जेथे बाहेर येते तेथे ती सतत वाकते, आणि पहिली भेग बहुधा तेथेच पडते. गोठ्यात किंवा पडवीत ठेवलेल्या यंत्राची नळी उंदीरही कुरतडतात. शेवटी, जुने झालेले पेट्रोल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होते आणि त्याचा डिंकासारखा थर नळीत, गाळणीत व कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो.

रोगाची लक्षणे

यंत्र चोक दिल्यावर चालते आणि चोक काढताच बंद पडते, हे पहिले लक्षण. चोक दिला म्हणजे हवेची वाट अरुंद होते आणि पेट्रोल जोराने ओढले जाते. त्यामुळे नळीतून शिरणाऱ्या जास्तीच्या हवेची तूट तेवढ्यापुरती भरून निघते. दुसरे लक्षण, यंत्राचा वेग आपोआप वाढतो व कमी होतो, किंवा यंत्र तिरपे केले की आवाज बदलतो. तिसरे, फुगा दाबला तरी तो भरत नाही, किंवा परतीच्या नळीतून बुडबुडे थांबतच नाहीत. चौथे म्हणजे पेट्रोलचा वास आणि टाकीखाली ओल.

परंतु निदानाची घाई करू नये. यंत्र दहा मिनिटे उत्तम चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. फुस्स असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले, तर दोष नळीचा नसून हवा आत येण्याच्या वाटेचा आहे. टाकीतून पेट्रोल जाते तेवढी हवा आत आली नाही, तर आत पोकळी निर्माण होते आणि पंपाचे बळ तिच्यापुढे अपुरे पडते. अशा वेळी नळी बदलून काही साधत नाही. झडप साफ करावी किंवा बदलावी.

दोष नळीचाच असेल तर मात्र तसेच रेटून यंत्र चालवू नये, आणि यातच या विषयाचे खरे महत्त्व आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १५ पट हवा लागते. इथेनॉलला याहून बरीच कमी, सुमारे ९ पट पुरते. म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी बसविलेल्या कार्बोरेटरमधून मिश्र पेट्रोल गेले, की हवेचे प्रमाण आधीच थोडे जास्त होते. त्यात फाटक्या नळीतली हवा आणखी भर घालते. असे मिश्रण इंजिनाला तापविते. आणि ग्रास कटरसारख्या दोन-धावी इंजिनांत वंगणाचे तेल निराळे नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. कंपनीने ५० ला १ प्रमाण सांगितले असेल तर एका लिटरला २० मिलीलिटर, २५ ला १ सांगितले असेल तर ४० मिलीलिटर. पेट्रोल कमी पोहोचले म्हणजे तेलही कमी पोहोचले. तळाशी फुटून बसलेला पाण्या-इथेनॉलचा थर गेला तर तेल जवळजवळ पोहोचतच नाही, कारण ते वरच्या पेट्रोलात राहते. मग पिस्टन सिलिंडरला घासतो, त्यावर ओरखडे उठतात, आणि एके दिवशी तो आतच जाम होतो. ज्याची किंमत यंत्राच्या मानाने नगण्य, अशा वीतभर नळीपायी सबंध इंजिन जाते, आणि तेही ऐन हंगामात.

कोणती नळी घ्यावी

आपल्याकडे नड भागविण्याची कला मोठी आहे. सलाईनची नळी, मत्स्यपेटीची नळी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, घरातील गॅसच्या शेगडीची नळी, हे सर्व प्रकार पेट्रोलसाठी वापरलेले पाहावयास मिळतात. यांतील व्हॉल्व्ह ट्यूब मऊ रबराची असते. ती पेट्रोलात फुगून सैल पडते. सलाईनची व मत्स्यपेटीची नळी प्लॅस्टिकची. ती काही आठवड्यांत कडक होऊन निसटते. गॅसची नळी वायूसाठी घडविलेली आहे, द्रव पेट्रोलसाठी नव्हे. फाटलेल्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळणे किंवा साबण थापणे हेही त्याच माळेतले मणी. या उपायांनी यंत्र त्या दिवशी चालते, हीच त्यांची मोठी फसवणूक होय.

दुकानात जाऊन इंधनासाठी केलेली, आणि शक्य तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला चालणारी नळी मागावी. यंत्राच्या कंपनीची तयार नळी मिळाली तर उत्तमच. ती बहुधा योग्य आकारात घडविलेली असते. मीटरवर विकत घ्यावयाची असेल तर दोन मापे हवीत : आतील व्यास आणि बाहेरील व्यास. लहान दोन-धावी यंत्रांत आतील व्यास साधारणपणे दोन ते तीन मिलीमीटर असतो. परंतु जुनी नळी फुगलेली किंवा आक्रसलेली असते, म्हणून तिच्या मापावर विसंबू नये. आतील मापासाठी कार्बोरेटरची तोटी मोजावी आणि बाहेरील मापासाठी टाकीचे भोक. ज्या यंत्रांत नळी सरळ टाकीच्या भोकातून जाते, तेथे तिचा बाहेरचा व्यास भोकाहून किंचित जास्त असावा लागतो. त्या घट्टपणामुळेच टाकीची गळती थांबते. काही टाक्यांत भोकाला रबरी बुच असते. नळीबरोबर तेही बदलावे, कारण दोघांचे वय एकच असते. त्याच वेळी गाळणीही नवी घालावी.

कामापूर्वीची सावधगिरी

पेट्रोलबद्दल आपल्या मनात भीती असते, पण ती बहुधा द्रवाची असते. खरा धोका त्याच्या वाफेचा आहे. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ देते, मग आपल्याकडील चैत्र-वैशाखाची गोष्टच नको. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, उंबरा ओलांडून दुसऱ्या खोलीत जाते. हवेत तिचे प्रमाण अवघे दीड टक्का झाले तरी ठिणगीने भडका उडतो. ती ठिणगी शेगडीची असेल, देवघरातल्या समईची असेल, किंवा आपोआप चालू होणाऱ्या फ्रिजचीही असेल. म्हणून हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बंद पडवीत किंवा गच्चीच्या जिन्यात करू नये. मोकळ्या अंगणात, सावलीत, वारा खेळता असेल तेथे करावे. तंबाखू-विडी दूर ठेवावी आणि लहान मुलांनाही दूर ठेवावे.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. ठिणगीच्या प्लगची टोपी काढून ठेवावी. टाकीतील पेट्रोल पेट्रोलसाठीच असलेल्या डब्यात काढावे. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही काढू नये. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती तर सर्वस्वी सोडावी. ओढताना पेट्रोलचा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. चुकून कोणी गिळलेच, तर त्याला उलटी करावयास लावू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसात शिरण्याचा संभव असतो. त्याला सरळ रुग्णालयात न्यावे.

नळी बदलण्याची रीत

प्रथम हात न लावता पाहावे. कोणती नळी टाकीतून निघून कोणत्या तोटीवर जाते, याचा एक छोटा आराखडा कागदावर काढावा किंवा मोबाइलने छायाचित्र घ्यावे. ज्या नळीला टोकास गाळणी आहे ती शोषणाची, ती कार्बोरेटरकडे जाते. फुग्याच्या बाहेर जाणाऱ्या तोटीवरून टाकीत येते ती परतीची. दोन्ही एकदम काढू नयेत. एक काढावी, बदलावी, मगच दुसरीकडे वळावे.

जुनी नळी तोटीवरून ओढताना ती पिरगळून सैल करावी. सरळ ओढल्यास प्लॅस्टिकची तोटी मोडण्याची भीती असते. निघतच नसेल तर तोटीवरील नळीचा भाग पात्याने हलकेच उभा चिरावा, मात्र तोटीवर ओरखडा उठू देऊ नये. जुनी नळी तुटून तिचा तुकडा टाकीत पडला, तर तो चिमट्याने बाहेर काढावा. टाकीच्या तळाशी गाळ किंवा पाणी असेल तर थोड्या ताज्या पेट्रोलने टाकी खंगाळून घ्यावी आणि टाकीच्या भोकाची कड कापडाने स्वच्छ पुसावी.

नवी नळी जरूर त्यापेक्षा चार बोटे लांब घ्यावी. तिचे एक टोक लेखणीसारखे लांब तिरपे कापावे. त्या टोकाला तेलमिश्रित पेट्रोलचा एक थेंब लावून ते बाहेरून टाकीच्या भोकात घालावे. टोक आत दिसू लागले की टाकीच्या तोंडातून चिमटा घालून ते धरावे आणि हळूहळू ओढावे. नळी टाकीच्या तोंडातून बाहेर येईपर्यंत ओढली म्हणजे तिरपे टोक काटकोनात कापून टाकावे, त्यावर गाळणी घट्ट बसवावी, आणि गाळणी टाकीत सोडावी. आता बाहेरून नळी थोडी मागे ओढून आतली लांबी ठरवावी. ही लांबी हेच या कामातील मुख्य कौशल्य आहे. गाळणी टाकीच्या तळाच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. पण नळी इतकीही लांब नको की ती आत वेटोळे घालून गाळणीला अडवील. यंत्र चारी बाजूंना कलवून गाळणी घरंगळल्याचा आवाज येतो की नाही हे पाहावे.

मग बाहेरील टोक मापाने कापावे. येथे पाते धारदार हवे. कात्रीने नळी चेपते आणि कड वाकडी येते. नळी तोटीच्या मुळापर्यंत सरकवावी. ती वाटेत सायलेन्सरला किंवा फिरत्या पंख्याला टेकू नये, आणि कोठेही चिमटीत सापडू नये. परतीच्या नळीचे टोक टाकीत थोडेसे आत राहिले तरी पुरते. तिला गाळणी लागत नाही.

वर टाकी असलेल्या जनरेटरसारख्या यंत्रांत काम याहून सोपे आहे. कॉक बंद करावा, क्लिपा पक्कडीने दाबून मागे सराव्यात, नळी काढून त्याच लांबीची दुसरी चढवावी आणि क्लिपा पुन्हा जागेवर आणाव्यात. स्प्रिंगच्या क्लिपा सैल झाल्या असतील तर नव्या घ्याव्यात. क्लिपेऐवजी तार आवळू नये; तार रबरात रुतते आणि तेथूनच नळी चिरते.

परीक्षा

काम संपले असे परीक्षेशिवाय समजू नये. टाकीत ताजे पेट्रोल, दोन-धावी यंत्र असेल तर योग्य प्रमाणात तेल मिसळून, थोडेसेच घालावे. फुगा दहा वेळा दाबावा. प्रथम बुडबुडे जातील, नंतर पेट्रोलची सलग धार परतीच्या नळीत दिसेल. बुडबुडे थांबत नसतील तर एखादी जोडणी सैल आहे असे समजावे. मग यंत्र एका कोऱ्या कागदावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, निरनिराळ्या बाजूंना कलवून ठेवावे. कागदावर डाग उमटला नाही, तर सांडलेले पेट्रोल पुसून, ते उडून जाऊ देऊन, जेथे पेट्रोल भरले त्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. पेट्रोलाने भिजलेल्या चिंध्या घरात गोळा करून ठेवू नयेत.

न फिरविल्यामुळे

आपल्याकडे एक जुने कोडे आहे. पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरविल्यामुळे. नळी का कुजली या प्रश्नाचेही उत्तर बहुधा हेच असते. कोकणातला ग्रास कटर पावसानंतर पंधरा दिवस राबतो आणि पुढे वर्षभर कोपऱ्यात पडून राहतो, तेही पोटात अर्धी टाकी पेट्रोल घेऊन. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, यंत्र सुरू करून कार्बोरेटरमधले उरलेसुरले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, पुसावे आणि उंदरांपासून दूर टांगावे. पेट्रोल महिनाभर पुरेल एवढेच आणावे. नळी बदलल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवावी. कित्येक उत्पादक दर दोन वर्षांनी नळी तपासावयास सांगतात. मिश्र पेट्रोलच्या काळात दर हंगामाच्या आरंभी ती बोटांनी वाकवून पाहिली तर अधिक बरे. वाकविल्यावर पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा दिसल्या, नळी चिकट लागली किंवा कडक लागली, की ती टाकून द्यावी.

शेवटी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. यंत्राचा मालक आणि यंत्र चालविणारा हे बहुतेक ठिकाणी एक नसतात. पाठीवरच्या फवारणी पंपात पेट्रोलची टाकी आणि तापलेले इंजिन ही दोन्ही चालविणाऱ्याच्या पाठीशी टेकलेली असतात. ती पाठ रोजंदारीवर आलेल्या माणसाची असते. नळी ठिबकू लागली तर थेंब कोठे पडतो हे त्याला दिसत नाही, कारण ते त्याच्या मागे घडते; आणि यंत्र त्याचे नसल्यामुळे, आज हे चालविणार नाही, असे म्हणण्याचे धैर्यही त्याला नेहमी होत नाही. यंत्र विकत घेणाऱ्याने त्याच्या मजुरीचा हिशेब जितक्या काळजीने करावा, तितक्याच काळजीने या नळीचा करावा. सकाळी यंत्र त्याच्या पाठीवर चढविण्यापूर्वी मालकाने स्वतः दोन बोटांनी नळी चाचपून पाहावी. त्याला एक मिनिट पुरते. ते मिनिट आपण सर्वांनी द्यावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.